दारात खून हाय

माझ्या सासऱ्यांचा एक सिद्धान्त आहे. रहस्यकथा कुठल्याही देशातली असो, मेलेला माणूस सरदार असो की सावकार, गुन्हेगार शेवटी जावईच असतो. एखाद्या गोष्टीत जावई नसेलच, तर तो लेखकानं मुद्दाम लपवलेला असतो. हे ते मला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक जावयाला, समोर बसवून सांगतात आणि सांगताना अजिबात लाजत नाहीत.

त्यांना मी मामा म्हणतो. ते मला पाव्हनं म्हणतात. 'पाव्हणं' नव्हे, 'पाव्हनं'. मी नगरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. आजोबा भिक्षुक, वडील मास्तर, त्यामुळं आमच्या घरात न आणि ण यांचं बाळकडू अंगडं-टोपडं घालायच्या वयातच पाजतात. बायको पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातली. आमचं कॉलेजात जमलं. तिच्या गावात ण फक्त पुस्तकात राहतो, तोंडात येत नाही. पाण्याचं पानी होतं, लोण्याचं लोनी होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी सासरवाडीला गेलो की मनातल्या मनात लाल पेन घेऊन सगळ्यांची वाक्यं तपासत बसायचो. तोंडानं काही बोलत नसे. बायको म्हणायची, बोलायची गरजच नाही, तुझ्या भुवया बोलतात.

मामा साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. सबंध नोकरीत त्यांच्या गेटवर सांगण्यासारखी एकही चोरी झाली नाही. कारखान्यानं त्याबद्दल त्यांचा नारळ देऊन सत्कार केला, पण मामांना त्याचं अजून वाईट वाटतं. रात्रपाळीला ते एस.टी. स्टँडवरून आणलेल्या रहस्यकथा वाचायचे आणि मनातल्या मनात तयार बसायचे. कोणी आलंच नाही. मग रिटायर झाले, गावी आले, दोन गाई घेतल्या आणि निवांत वाचू म्हणाले, तेवढ्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला.

सुरुवातीला त्याची गंमत वाटायची. डेअरीच्या ओट्यावर कोणीतरी ठेवलेल्या दुधाच्या किटलीला त्यांनी एकदा राम राम घातला. किटलीनं उत्तर दिलं नाही. मामा घरी येऊन म्हणाले की गावात माणसं लई मातली आहेत, मोठ्यांना ओळखसुद्धा देत नाहीत. किटल्यांचा तर रोजचाच घोळ. डेअरीत सगळ्या किटल्या सारख्या दिसतात, म्हणून मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपल्या किटलीवर लाल ऑइलपेंटनं एक गोल काढला होता. पहिल्यांदा काढताना रंग जरा जास्त झाला आणि खाली ओघळला. मामींना ते शेपूट आवडलं. तेव्हापासून त्यांच्या टोपल्या, धान्याची पोती, लग्नकार्याला शेजारी गेलेली पातेली, सगळ्यांवर गोल आणि गोलाला शेपूट. ते चिन्ह मामांना दिसेनासं झालं आणि ते बिनदिक्कत दुसऱ्याची किटली घेऊन घरी यायला लागले. एकदा तर ज्या भावकीशी बोलणंसुद्धा नाही तिची घेऊन आले. ती परत द्यायला मामींना जावं लागलं, आणि त्या दिवशी मामांना चहा उशिरा मिळाला.

नगरच्या डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा गंमत संपली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय, आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल आणि तो डोळा जाईल तो जाईलच, मग कुठलंही ऑपरेशन करून परत यायचा नाही. बायकोनं हे मामांना स्पष्ट सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि कांदा निघू दे म्हणाले. कांदा निघाल्यावर गाय व्यायची होती. गाय व्याल्यावर ऊन फार होतं. डोळ्यांच्या मागच्या शिबिराच्या वेळी मामींनी गोड बोलून तयार केलं, तर गाडी यायच्या आदल्या दिवशी मामा जिल्ह्यातल्याच अकोल्याला एका लग्नाला निघून गेले. अकोल्यात कोणाचंच लग्न नव्हतं. एका जुन्या दोस्ताकडं शिबिर संपेपर्यंत राहिले आणि येताना तांदळाची पिशवी घेऊन आले, म्हणजे गेल्याचं सार्थक.

आम्ही सगळे याला हट्ट म्हणत होतो.

त्यांच्या मोबाईलमध्ये ऑडिओबुकचं ॲप मी घालून दिलं. जुन्या विलायती रहस्यकथा, छोट्या छोट्या, मराठीत, एका संथ आवाजाच्या गृहस्थानं वाचलेल्या. हा गृहस्थ इतका सावकाश वाचतो की त्याच्या तोंडून माणूस मरायलासुद्धा वेळ लागतो. मला वाटलं, वाचता येत नाही याचं दुःख तरी कमी होईल. मामा हरखलेच. पण बायकोनं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "अरे, एक पुस्तकाची ओढ होती, तिच्यापायी तरी ते कधीतरी ऑपरेशन करून घेतील असं वाटत होतं. आता ऐकूनच भागायला लागलं. आता कशाला करतील?" मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

मोबाईल गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असायचा. सकाळ-संध्याकाळ गाई लंडनचं धुकं ऐकत रवंथ करायच्या. मामी शेण काढता काढता कानावर पडेल ते ऐकायच्या आणि त्यांचं एकच मत होतं, की या साहेब लोकांनी घरात पुस्तकांची खोली करूच नये, जो उठतो तो तिथंच जाऊन मरतो. मामा मात्र मन लावून ऐकत. मध्येच मोबाईल थांबवत, गुन्हेगार सांगत, आणि पुन्हा चालू करत. गुन्हेगार अर्थात जावई. तो निघाला की नाही, तर कधीच नाही. कधी बहीण निघाली, कधी डॉक्टर निघाला, एकदा तर माकड निघालं. मामा म्हणाले, त्या माकडाची सोयरीक कुठं झालीय ते लेखकानं सांगितलेलं नाही.

रोज संध्याकाळी मला फोन. "पाव्हनं, आज साहेबाला तीन खुना घावल्या."

"खुणा, मामा. खून होतो, खूण सापडते."

"तेच म्हनतोय की मी."

एकदा मी नेट लावून समजावलं. तो खून, पुल्लिंगी, माणूस मारतात तो. ती खूण, स्त्रीलिंगी, पायाचा ठसा, सिगारेटची राख वगैरे. ण म्हणताना जीभ वर वळवायची. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग मेलेली बाई असली तर?"

त्यानंतर मी तो विषय सोडला. मामांनी नाही सोडला. त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती की प्रत्येक हुशार शोध लावणाऱ्या साहेबाबरोबर एक मित्र असतो. मित्र शिकलेला असतो, सगळीकडं बरोबर हिंडतो, सगळं डोळ्यांनी बघतो आणि त्याला काहीही कळत नाही. मामा म्हणाले की त्यांना हे पात्र फार खरं वाटतं, कारण ते त्यांच्या ओळखीचं आहे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आलो होतो, डब्यातली खिचडी गरम करत होतो, आणि फोन वाजला. मामांचा आवाज दबका होता.

"पाव्हनं, दारात खून हाय. कुनाला बोलू नका. तुमी या."

आणि फोन कट.

मी लगेच उलटा लावला. लागेना. मामींना लावला. मामींचा फोन डाळीच्या डब्यामागं असतो आणि तो चार्ज करायचा असतो, उचलायचा नसतो. बायकोची कसलीशी परीक्षेची ड्यूटी होती, तिचा बंद. तिला मी एक आवाजी निरोप टाकला की तुमच्या दारात खून झालाय, मी निघालोय, घाबरू नकोस. हे शेवटचं वाक्य मी का म्हटलं मला माहीत नाही, कारण तो निरोप ऐकून माझा मलाच घाम फुटला.

मग मी सामान घेतलं. खुनाच्या जागी जाताना काय न्यावं याचा मला अनुभव नव्हता. माझं सगळं ज्ञान मामांनी फोनवर ऐकवलेल्या गोष्टींतलं, आणि त्यात पहिल्यांदा कोणीतरी मृतदेहावर चादर टाकतं एवढं पक्कं लक्षात होतं. मी पलंगावरची चादर ओढली, घडी केली आणि स्कूटरच्या डिकीत घातली. टॉर्चही घेतला. भर दुपारी.

पुणे रस्त्याला ट्रकांची रांग होती. सुप्यापर्यंत मी एकेका ट्रकच्या मागं धूर खात विचार करत होतो की मेलं कोण असेल. पहिल्यांदा ती किटलीवाली भावकी आठवली. बांधावरून त्यांचं आणि मामांचं जुनं आहे. भावकीतला माणूस आमच्याच दारात मेला तर पोलिस कोणाला धरतील? म्हातारा-म्हातारीला तर धरणार नाहीत. मग उरतो कोण? बोलावल्याबरोबर नगरहून आलेला, डिकीत चादर आणि टॉर्च बाळगणारा जावई. मामांचा सिद्धान्त मला त्या दिवशी पहिल्यांदा पटला. पारनेरच्या फाट्याला वळलो तेव्हा मी पोलिसांपुढं द्यायचा जबाब तोंडपाठ करत होतो, आणि त्यातल्या एका वाक्याचं व्याकरण मला पसंत नव्हतं म्हणून ते पुन्हा जुळवत होतो.

गावात शिरलो तर सगळं शांत. आमच्या अंगणात मामी लसूण निवडत बसल्या होत्या. आलात व्हय, म्हणाल्या, चा टाकते. मामा दाराच्या बाहेर खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन, थेट गेटवर ड्यूटीला बसतात तसे बसले होते. मी चादर काढून हातात घेतली आणि कुठंय म्हणून विचारलं. माझा आवाज चिरकला.

"हळू," मामा म्हणाले. "तितं पाय टाकू नका. हात बी लावू नका. ह्यी काय."

त्यांनी काठीनं दाराची चौकट दाखवली. चौकटीवर, छातीच्या उंचीला, खडूनं एक गोल काढलेला होता. घाईत काढलेला, खालच्या अंगाला जरा ओघळल्यासारखा.

मी त्या गोलाकडं बघत राहिलो. मग म्हटलं, "मामा, ही खूण आहे."

"मंग काय म्हनलो मी?"

मी पायरीवर बसलो. 'खून झालाय' म्हणाले असते तर पुल्लिंग, 'केलीया' म्हणाले असते तर स्त्रीलिंग, पण मामा 'हाय' म्हणाले होते, आणि 'हाय'ला लिंग नाही. इतकी वर्षं मुलांना व्याकरण घोकवलं आणि आयत्या वेळी व्याकरणानं मला सुप्याच्या ट्रकांमागं लावून दिलं. खिशात मोबाईल वाजला. बायकोनं घरी येऊन निरोप ऐकला होता. तिचं उत्तर आलं होतं: "खूण म्हणाले असतील. आणि पलंगावरची चादर कुठंय?"

मामांच्या काठीच्या टोकाला माझ्या हातातलं कापड लागलं. त्यांनी विचारलं, काय आणलंय. मी म्हटलं, चादर. कशाला? मी म्हटलं, मुक्काम करावा असा विचार होता. मामा हं म्हणाले. त्या हं कडं मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं.

खूण त्यांना दिसली नव्हती, हाताला लागली होती. पहाटे गोठ्यात जाताना ते चौकट चाचपत बाहेर पडले आणि बोटांना पीठ लागलं. पीठ कसलं, तर त्यांनी चाखून बघितलं. खडू. हे मामांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, गोष्टीतला साहेबही राख चाखतो म्हणून. मला मात्र दुसरंच काहीतरी ऐकू आलं. ज्या घराचा पाया त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतला, त्या घराच्या दारातून बाहेर पडायला त्यांना चौकट चाचपावी लागत होती. मला फार वाईट वाटलं आणि चादरीची घडी मी उगाचच पुन्हा घातली.

"आता असं करू," मामा म्हणाले. "तुमी बघा, मी इचार करतो."

आम्ही आळीतून निघालो. मामांचा एक हात माझ्या खांद्यावर. मी एकेका दाराकडं बघायचो आणि सांगायचो. मारुतीच्या देवळाजवळच्या घरावर खूण. त्यापुढं दोन घरं सोडून एकावर. पिठाच्या गिरणीशेजारी एकावर. मामांनी विचारलं, कसली. मी म्हटलं, गोल. आपल्या दारावरची? तीही गोलच. एवढंच मी सांगितलं. प्रत्येक घरी मामा थांबून घरात कोण कोण आहे याची उजळणी करत आणि मान हलवत. गिरणीपाशी ते थांबले आणि म्हणाले की समदी म्हाताऱ्यांची घरं हायती. त्यांचा तर्क असा की चोरांची टोळी आधी दिवसा फिरून खुणा करून जाते आणि रात्री येते. म्हातारी माणसं पळत नाहीत, ओरडली तरी कोणी उठत नाही. आमच्याकडं तर दोन गाई.

माझ्याही डोक्यात काहीतरी हलायला लागलं होतं. देवळाजवळच्या घरातल्या आजी आम्हाला बघून कपाळावर हात आडवा धरून कोन रं म्हणाल्या होत्या, आणि आम्ही त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. गिरणीशेजारचे आजोबा पेल्यात पाणी ओतत होते आणि पाणी पेल्याशेजारी पडत होतं. पण मित्राच्या डोक्यात हललेलं बाहेर यायला वेळ लागतो. घरी आल्यावर मामा पाय धुवायला गेले आणि मामींनी मला चहा घ्यायला आत बोलावलं. त्यांनी आधी मागच्या दाराकडं बघितलं आणि मग बोलल्या.

उद्या सकाळी शिबिराची गाडी येणार होती. गावातल्या आशा सेविकेनं नावं घेतली होती. गाडीवाला बाहेरगावचा, त्याला घरं माहीत नाहीत, म्हणून ज्यांना न्यायचंय त्यांनी दारावर खडूनं गोल काढून ठेवायचा असं ठरलं होतं. मामींनी शेजारच्या पोरीच्या दप्तरातला खडूचा तुकडा मागून घेऊन अंधारातच गोल काढला. त्यांना वाटलं, यांना कुठं दिसतोय. दिसला नाहीच, हाताला लागला.

"सांगितलं असतं तर पुन्हा अकोल्याला ग्येले असते," मामी म्हणाल्या. "हट्टी न्हाईत ते, पाव्हनं. भितात. तरन्याताठ्या वयात कारखान्याच्या गेटवर एकलं उभं ऱ्हायचे, पन डोळ्याला भितात. माज्याफुडं बोलत न्हाईत. अन् म्या बोलले तर मानसाची लाज जाती."

मी विचारलं, उद्या गाडी दारात आल्यावर काय करायचं. मामी म्हणाल्या, ते मला म्हाईत न्हाई, म्हनून तर तुमाला चा दिला.

संध्याकाळी धारा काढून झाल्या आणि मामांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. गोष्टींमध्ये शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवतात. सगळे म्हणजे मी आणि मामी. मामी दुधाची गाळणी हातात घेऊनच आल्या. मामांनी घसा साफ केला आणि ॲपमधल्या त्या गृहस्थाइतकं संथ बोलायला सुरुवात केली.

चोराची गोष्ट त्यांनी स्वतःच मोडीत काढली. आळीत खुणा आहेत त्या सगळ्याच म्हाताऱ्यांच्या घरांवर नाहीत. भावकीतला थोरला म्हातारा मामांपेक्षा मोठा आहे, त्याच्या दारावर खूण नाही. का नाही? कारण त्याचे डोळे चांगले आहेत, त्याला बांध अगदी इंचाइंचानं दिसतो. खुणा आहेत त्या डोळ्यांचा त्रास असलेल्यांच्या घरांवर. म्हणजे शिबिर. म्हणजे उद्या गाडी. इथपर्यंत ऐकून मी थक्क झालो होतो. मामींनी गाळणी या हातातून त्या हातात घेतली.

"आता खून केली कुनी," मामा म्हणाले. "खडू कुनाकडं असतो? मास्तरकडं. मी दारात खून हाय म्हनल्यावर धाप लागंस्तवर पळत कोन आलं? मास्तर. पळत आलेला मानूस संगं चादर आनतो का? आनतो. मुक्काम आधीच ठरलेला असला तर आनतो. अन् खून दावल्यावर ह्यांच्या गळ्यातनं जो आवाज निघाला, त्यो म्या ऐकलाय." त्यांनी काठी अंदाजानं माझ्या दिशेला रोखली. ती जराशी मामींकडं गेली होती, मी सरकून तिच्यासमोर आलो. "गुन्हेगार जावईच हाय."

खडू, धाप, चादर, आवाज. एकही दुवा सुटलेला नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर ओसरीवर दुसरं एकच माणूस होतं, आणि ते गाळणीकडं बघत उभं होतं. शनिवारी पहाटे मी नगरला झोपलेलो होतो, हा साधा मुद्दा मामांच्या लक्षात आला नाही. मीही तो काढला नाही.

"हो मामा," मी म्हटलं. "मीच काढली."

मामांनी मांडीवर थाप मारली. इतक्या गोष्टी ऐकल्या, इतके जावई धरले, आणि आज पहिला खरा निघाला. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी आणखी दोन-तीन गुन्हे कबूल करायला तयार झालो. मामींना ते म्हणाले, बघितलंस, म्या म्हनत हुतो का न्हाई. मामी म्हणाल्या, म्हनत हुता खरं, आणि दूध गाळायला आत गेल्या.

मग मामांनी काठी मांडीवर आडवी घेतली. गोठ्यात गाईची साखळी वाजत होती. त्यांनी माझ्याकडं तोंड न वळवता विचारलं, "मानूस जागा असतो म्हनं. डोळ्यात सुई घालत्यात तवा."

"जागा असतो," मी म्हटलं. खोटं सांगायची इच्छा झाली होती, पण एका दिवसाला एक पुरे. "भूल दिलेली असते, दुखत नाही. पण जागा असतो."

"दिसतं का सुई येताना?"

"ते मला माहीत नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. माझ्या त्या उत्तरानं त्यांना कसा धीर आला मला कळलं नाही, पण आला. "गुन्हा केलाय तर शिक्षा भोगाया लागंल," ते म्हणाले. "उद्या म्या आत असंस्तवर दाराशी बसायचं. चा प्याया बी उठायचं न्हाई."

"नाही उठत."

सकाळी गाडी आली. गाडीवाल्यानं गोल बघून हॉर्न दिला. मामा माझं मनगट धरून गाडीत चढले. आळीतल्यांना ते आरोपीला घेऊन चालल्यासारखं वाटावं अशी त्यांची इच्छा होती. गारवा होता म्हणून मी चादर त्यांच्या गुडघ्यांवर घातली. नगरला दवाखान्यात बायको भेटली. तिनं आधी वडिलांकडं बघितलं, मग चादरीकडं, मग माझ्याकडं, आणि डोळे पुसले. मामा आत गेले. मी दाराशी बसलो. चहावाला दोनदा आला, मी उठलो नाही. आतून मामांचा आवाज येत होता. ते डॉक्टरांना विचारत होते की साहेब, तुमी कुनाचं जावई हाय का. डॉक्टर हो म्हणाले असावेत, कारण मग बराच वेळ आत शांतता होती.

सगळं नीट झालं. पट्टी निघाली, थेंब चालू झाले, काळा चष्मा आला. आठवड्याभरानं सकाळी मामांचा फोन आला. त्यांनी आधी मला बघितलेल्या वस्तूंची हकीकत दिली. थोरली गाय वाटत होती तेवढी काळी नाही. मी फोटोत आहे त्यापेक्षा जाड आहे, हे त्यांनी दवाखान्यातच बघून ठेवलं होतं, पण तेव्हा बोलले नव्हते. मामींचे केस पांढरे झालेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मागं दूध गाळल्याचा आवाज येत होता.

"पाव्हनं," ते हळू आवाजात म्हणाले, "आज दार बघितलं. गोल हाय. अन् गोलाच्या खाली शेपूट हाय."

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी शेपूट सांगितलंच न्हाई."

"लक्षात नाही आलं, मामा."

"मित्राच्या येत नसतंय." मग म्हणाले, "दिवाळीला घर रंगवायचंय. चौकटीला तेवढा ब्रश लावू देनार न्हाई म्या. ती इचारील का, तर सांगनार, जावयाची आठवन हाय." मागं किटलीचं झाकण बसल्याचा आवाज आला आणि मामांचा आवाज आणखी खाली उतरला. "खून तिचीच हुती. कुनाला बोलू नका."

"नाही बोलत," मी म्हटलं.